सान मेलितोनची मेयर

लुर्देस मोरिताने माझ्यादेखत पहिल्यांदा माणसाला मारलं, तेव्हा मी जिन्यात दुधाचा खोका हातात घेऊन उभी होते. आम्ही नागोयात नवीनच आलो होतो. माझ्या नवऱ्याच्या, माधवच्या, कंपनीने बंदराकडच्या भागात एका जुन्या वसाहतीत घर भाड्याने घेऊन दिलं होतं. पाच मजली इमारत, लिफ्ट नाही, लोखंडी दारं. तिसऱ्या मजल्यावर ओकुमुरा नावाचा ट्रक ड्रायव्हर राहायचा. तो बायकोला मारतो हे जिन्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं आणि ते ठाऊक नसल्यासारखं वागायचं, हेही जणू सगळ्यांनी ठरवलेलं होतं.

त्या सकाळी वरून बाईचं ओरडणं ऐकू आलं, मग काहीतरी भिंतीवर आपटलं. लगेच शेजारच्या घरातल्या टीव्हीचा आवाज वाढला. मी वर जावं की खाली, अशा घोटाळ्यात उभी असताना एक बुटकी, रुंद, कुरळ्या केसांची बाई चपला फटाफट वाजवत मला बाजूला सारून वर गेली. बेल वाजवायच्या भानगडीत न पडता तिने दारावर लाथ घातली. ओकुमुराने दार बाहेर ढकललं आणि चौकटीला हात टेकून तो तिच्यावर ओरडायला लागला. तिने त्याचं एक वाक्य पुरं होऊ दिलं. मग दाराची मूठ धरली आणि अंगाचा सगळा भार टाकून दार लावलं.

हाड मोडल्याचा आवाज मी तोवर ऐकला नव्हता. ओली फांदी मोडावी तसा तो येतो.

तिने दार पुन्हा उघडलं, त्याची बोटं भाजीवालीकडची वांगी निरखावीत तशी निरखली, आणि मोडक्यातोडक्या जपानीत म्हणाली, "आज हात. उद्या डोकं."

चौकीवरून पोलीस आला. त्याने विचारलं, काय झालं. "वारा," लुर्देस म्हणाली. पोलिसाने खिडकीबाहेरच्या झाडाकडे पाहिलं. पान हलत नव्हतं. त्याने ओकुमुराच्या बायकोकडे पाहिलं. तिचा एक डोळा सुजून बंद झाला होता. दुसऱ्या डोळ्याने तिने आधी नवऱ्याकडे, मग लुर्देसकडे बघितलं आणि कमरेतून वाकून म्हणाली, "हो. फार वारा होता." मग पोलीस माझ्याकडे वळला. मला तेव्हा जपानी फारसं येत नव्हतं, पण वाऱ्याचा शब्द येत होता. मी मान डोलावली.

नंतर लुर्देसनेच मला घरी आणून खुर्चीत बसवलं, माझ्याच गॅसवर चहाचं पाणी ठेवलं आणि सांगितलं की तिला सगळे 'आते' म्हणतात. ती मूळची फिलिपीन्सची, त्यांच्या भाषेत आते म्हणजे थोरली बहीण. माझ्या कानाला ते आत्येसारखं लागलं. आमच्याकडे आत्येला अगंतुगंच करतात, म्हणून माझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी मोठी असूनही ती माझ्या मनात कायम 'अगं आते' राहिली. आमचं बोलणं व्हायचं अर्धं इंग्रजीत, अर्धं जपानीत. इथे लिहितेय ते माझ्या मराठीत.

आते बेन्तोच्या, म्हणजे जेवणाच्या डब्यांच्या, कारखान्यात सकाळपाळीचं अर्धवेळ काम करायची. तिचे जपानी पती मोरितासान बंदरात फोर्कलिफ्ट चालवायचे. ते विधुर होते, ती विधवा होती. ते इतकं कमी बोलायचे की केतकी, माझी चार वर्षांची मुलगी, त्यांना येतच नाही बोलायला, असं समजायची. आते त्यांची उणीव भरून काढायची. ती मोठ्याने हसायची, बसमध्ये अनोळखी माणसांशी बोलायची, रस्त्याच्या मधोमध चालायची. कुणाशी ओळख करून दिली की आधी त्या माणसाच्या हातांकडे बघायची. "तोंड खोटं बोलतं," म्हणायची, "हाताला तेवढी अक्कल नसते." तिच्या मानेवर कानाखालून गळ्यापर्यंत एक पांढरट, सुरकुतलेला व्रण होता. उन्हाळ्यातसुद्धा ती तो झाकत नसे. मी शाकाहारी आहे हे कळल्यावर तिला माझी फार कीव आली होती.

ती मेयर होती, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. माझे वडील आमच्या गावच्या नगरपालिकेत पाणीपट्टी विभागात होते, असं मी बोलण्याच्या ओघात सांगितलं, तर ती कांदा चिरता चिरता थांबली. "मग तुला कळेल," म्हणाली. "माझंही एक ऑफिस होतं. खुर्ची होती, शिक्का होता, शिपाई होता. सान मेलितोन नगरपालिका. मी मेयर होते."

मला हसू आलं. तिला ते दिसलं, पण ती रागावली नाही. पुन्हा कांदा चिरायला लागली आणि तिने मला सान मेलितोनची गोष्ट सांगितली.

नदी समुद्राला मिळते तिथलं छोटं गाव. भोवती भाताची शेतं, नारळ, आणि नगरपालिकेच्या हद्दीत येणाऱ्या लहान लहान वाड्या. स्पॅनिश पाद्र्याने डोंगरातली माणसं खाली आणून तिथे बसवली. नियम असा, की पाद्र्याची घंटा जिथवर ऐकू येईल तिथवरच घर बांधायचं. जे घंटेच्या पलीकडे राहिले त्यांची घरं जाळली. "आमचं गाव असं वसलं," आते म्हणाली. "आधी आग लावली, मग चर्च बांधलं."

नगरपालिकेच्या सभागृहात आजवरच्या गावप्रमुखांच्या तसबिरी ओळीने लावलेल्या होत्या. ती बोटाने हवेत एकेक दाखवत सांगायची, जणू भिंत माझ्या स्वयंपाकघरातच आहे. हा पहिला, पाद्र्याने याला चाबकाने इतका मारला की तिसऱ्या दिवशी गेला. हा अमेरिकनांच्या वेळचा, याला भावानेच कोयत्याने कापला, तोही शेताच्या बांधावरून. आणि हे माझे आजोबा. दुसऱ्या महायुद्धात जपानी फौज आली, त्यांनी आजोबांना बंदुकीच्या धाकाने मेयर केलं. गावातून तांदूळ गोळा करून द्यायचा, नाही दिला तर दहा माणसं उभी करून मारणार. आजोबांनी तांदूळ दिला. माणसं वाचली. जपानी हरले तशी जंगलातली आपलीच पोरं आली आणि त्यांनी आजोबांना, शत्रूचा माणूस म्हणून, चौकात पुरलं. गळ्यापर्यंत. जिवंत.

"आणि तू जपानी माणसाशी लग्न केलंस," मी म्हणाले. बोलून गेल्यावर वाटलं, बोलायला नको होतं.

"मोरिता तेव्हा जन्मला नव्हता," ती म्हणाली. "आणि ज्यांनी पुरलं ते माझ्या आजीच्या माहेरचे होते. मग मी कुणाकुणाला सोडू?"

आमच्या नगरपालिकेतली भांडणं फार तर शाईची दौत फेकण्यापर्यंत जायची. मी वडिलांच्या तोंडून ती ऐकली होती आणि त्यांनाच राजकारण समजत होते.

तिकडे हुकूमशहा पळाला, नव्या निवडणुका झाल्या, तेव्हा आते नगरसेवक म्हणून निवडून आली. शाळामास्तरीण होती ती, अर्धं गाव तिच्या हातचे फटके खाऊन मोठं झालेलं. तिला सगळ्यांत जास्त मतं पडली. मेयर झाला बेनितो नावाचा डॉक्टर, साधा माणूस. सान मेलितोनमध्ये मासळीचा धक्का एकाच घराण्याच्या हातात होता. रुपेर्तो आल्कारास आणि त्याचे भाऊ. त्यांच्या फाटकातून गेल्याशिवाय कुणाची मासळी बाजारात जात नसे आणि फाटकाचा भाव ते ठरवत. डॉक्टर बेनितोने फाटक काढायचं ठरवलं. रविवारी चर्चमधून बाहेर पडताना पायरीवर कुणीतरी त्याला गोळ्या घातल्या. उपमेयर त्या आठवड्यात बायकोच्या उपचारासाठी म्हणून मनिलाला गेला, आणि तिथूनच त्याने राजीनामा पाठवला. त्यांच्या कायद्याप्रमाणे मग खुर्ची सर्वांत जास्त मतं मिळालेल्या नगरसेवकाकडे जाते.

"नवरा म्हणाला, नको. मी म्हटलं, नेस्तोर, मी नाही म्हटलं तर पुढचा नंबर तुझ्या मामाचा आहे, आणि तो रुपेर्तोच्या ताटातलं जेवतो."

मेयर झाल्यावर पहिल्याच सभेत तिने फाटक तोडायचा ठराव मांडला. ठराव वाचून होत होता तेवढ्यात खिडकीतून बॉम्ब आत पडला. शेजारी बसलेला सचिव तिच्या अंगावर कोसळला म्हणून ती वाचली. मानेवरचा व्रण त्या दिवसाचा. तिने उरलेल्या सभासदांना चर्चच्या आवारात गोळा केलं. कुणाच्या कानातून रक्त येत होतं, कुणाला ऐकू येत नव्हतं. तिने हात वर करायला सांगितलं आणि ज्यांना ऐकू येत नव्हतं त्यांचे हात स्वतः धरून वर केले. ठराव मंजूर झाला. दुसऱ्या दिवशी तिने आणि नेस्तोरने गावकऱ्यांना घेऊन कुऱ्हाडींनी फाटक तोडलं.

नेस्तोरला पुढे भरबाजारात मोटारसायकलवरच्या माणसाने मारलं. पुढच्या निवडणुकीच्या दिवशी पुलावर बंदुका घेतलेली माणसं उभी होती, तिच्या वाड्यांतून कुणी मतदानालाच येऊ शकलं नाही. रुपेर्तो मेयर झाला, फाटक पुन्हा उभं राहिलं. नागोयात तिची बहीण होती, म्हणून आते इकडे निघून आली.

हे सगळं तिने रडत सांगितलं नाही. मधूनमधून ती केतकीला गाजराचे तुकडे भरवत होती.

आमच्या इमारतीत रहिवासी मंडळ होतं, कचऱ्याचे वार आणि जिन्याची झाडलोट ठरवणारं. एका वर्षी आतेला त्याच्या सभेला मी ओढून नेलं. अध्यक्ष कोन्दोसान यांनी विचारलं, नव्या पदाधिकाऱ्यांना कुणाचा विरोध आहे का. सगळे गप्प. टाळ्या झाल्या, सभा संपली. बाहेर आल्यावर आते हैराण झाली होती. "हे काय? भांडण नाही, दारू नाही, धमकी नाही? यांचे मेयर मरतात कशाने?"

"म्हातारपणाने," मी म्हणाले. ती इतकी हसली की जिन्यात बसली. मग एकाएकी हसू थांबलं. "माझ्याकडच्या एकाचंही तसं चित्र भिंतीवर नाही," म्हणाली.

त्यानंतरच्या वसंतात रुपेर्तो आल्कारास नागोयात आला.

एका मैत्री मंडळाने फिलिपीन्समधल्या काही मेयरांना बोलावलं होतं. सभागृहात सत्कार होता, नाच होता, ग्रीन टी होता. आते मला म्हणाली, आमच्याकडचे नाच आहेत, केतकीला घेऊन चल. मला काही कल्पना नव्हती. नशिबाने केतकीला ताप होता, म्हणून मी एकटीच गेले.

रुपेर्तो मला ओळखायला यावा असं त्याच्यात काही नव्हतं. गोरटेला, मऊ आवाजाचा, पांढऱ्याशुभ्र भरतकामाच्या सदऱ्यातला साठीचा गृहस्थ. आतेला पाहून त्याने दोन्ही हात पसरले. दुभाषी मुलीला त्याने आनंदाने सांगितलं आणि तिने ते जपानीत सगळ्यांना सांगितलं, की ही आमच्या गावची लेक, हिच्या लग्नात मी धर्मपिता म्हणून उभा होतो. ते खरंच होतं. त्यांच्याकडे लग्नात गावातल्या बड्या माणसाला तसं उभं करतात. आपण वाकून नमस्कार करतो, तसा त्यांच्याकडे वडीलधाऱ्याचा हात घेऊन कपाळाला लावायचा असतो. आते पुढे गेली, वाकली, रुपेर्तोचा हात हातात घेतला, कपाळाला लावला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकाने फोटो काढला.

टाळ्या चालू असतानाच तिने तो हात तोंडाकडे नेला आणि अंगठ्याखालच्या मांसल भागात दात रोवले.

पहिल्यांदा लोकांना वाटलं, ती हात चुंबतेय. मग पांढऱ्या बाहीवरून लाल रेघ कोपरापर्यंत आली. दुभाषी मुलगी तोंडावरचं हसू तसंच ठेवून उभी होती, ते काढायचं तिला सुचेना. दोन माणसांनी आतेला मागे ओढलं तरी ती सोडेना. एकाने तिचं नाक दाबलं तेव्हा तिचं तोंड उघडलं. तिची हनुवटी रक्ताने भरली होती. आणि रुपेर्तो? तो ओरडला नाही. रुमाल हाताला गुंडाळत तो तिच्याजवळ वाकला, त्यांच्या भाषेत हलक्या आवाजात काहीतरी बोलला आणि सरळ होऊन यजमानांची माफी मागितली. बिचारी, म्हणाला, नवरा गेल्यापासून हिचं डोकं ठिकाणावर नाही.

टॅक्सीत मी विचारलं, तो काय म्हणाला?

आते खिडकीबाहेर बघत होती. तिचे दात अजून लाल होते. "त्याने विचारलं, तुझा भाऊ इस्को अजून नदीकाठच्याच घरात राहतो का."

इस्को तिचा धाकटा भाऊ. होड्या दुरुस्त करायचा. राजकारणात नव्हता. तिने त्याच संध्याकाळी फोन करून त्याला गाव सोडायला सांगितलं. तो म्हणाला, हातातली होडी पुरी झाली की निघतो.

पाऊसकाळ सुरू झाला होता तेव्हा फोन आला. मी तिच्याकडेच होते, ती भातासाठी तांदूळ धुवत होती. फोन मोरितासाननी उचलला आणि तिच्याकडे दिला. ती ऐकत राहिली. कुणीतरी सांगत होतं, ती मधूनच 'हो' म्हणत होती. फोन ठेवून ती स्वयंपाकघरात परत आली, तांदळाचं भांडं उचललं आणि भिंतीवर फेकलं. मग कपाटातल्या बश्या. मग काचेची बरणी. मग ओट्याच्या कडेवर स्वतःचं कपाळ. मोरितासाननी तिला मागून मिठीत घेतलं, तिने कोपराने त्यांचा ओठ फोडला. त्यांनी सोडलं नाही. दोघं तसेच खाली बसले, ओल्या तांदळात, काचांत.

"माझ्या दातांनी मेला इस्को," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, मी रुपेर्तोला चावतेय."

त्यानंतर ती बदलली, असं म्हणायचा मोह होतो, पण ते खरं नाही. ती कामाला जात राहिली, केतकीचे लाड करत राहिली. फक्त गावच्या गोष्टी सांगायची थांबली. आणि पुढच्या निवडणुकांना वर्षभर उरलं तेव्हा तिने मला सांगितलं, की ती परत जातेय. उभी राहणार आहे.

आमचं तेव्हा भांडण झालं. एकदाच. मी म्हटलं, "तुला मारतील."

"मारतीलही."

"मग कशाला जातेस? इथे नवरा आहे, काम आहे. आते, तिथे आता तुझं कोण उरलंय?"

"तेच सांगतेय तुला," ती म्हणाली. "तिथे मारण्यासारखं माझं कुणी उरलेलं नाही. आता मी मोकळी आहे."

मी म्हटलं, मग निवडून येऊन तू काय करणार? मला वाटत होतं ती धक्क्याबद्दल, मासळीबद्दल, शाळेबद्दल काही बोलेल. तिने माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या हातातला कप काढून घेऊन धुवायला लागली.

मोरितासान तिला कोमाकीच्या विमानतळावर सोडून आले. पुढचे काही महिने ते जिन्यात भेटले की मी फक्त नजरेने विचारायची आणि ते मान हलवायचे, म्हणजे अजून जिवंत आहे. निवडणुकीनंतर एका सकाळी ते कचऱ्याच्या पिशव्या घेऊन खाली उतरत होते. मला पाहून थांबले आणि चांगली दोन वाक्यं बोलले. "लुर्देस निवडून आली. या वेळी पुलावर तिची माणसं उभी होती."

मला आनंद झाला. मी घरी जाऊन माधवला हाक मारली. शेवटचं वाक्य मला नंतर, भांडी लावताना, नीट ऐकू आलं.

रुपेर्तो त्याच वर्षी नाताळच्या आधी नाहीसा झाला. नदीच्या मुखाशी मासे पकडणाऱ्यांना तो सापडला. हात पाठीमागे तारेने बांधलेले होते. हेही मोरितासाननीच सांगितलं. कुणी मारलं, मी विचारलं. ते एक पायरी खाली उतरले. "मी नाही विचारलं," म्हणाले.

तिला मी त्यानंतर एकदाच पाहिलं. आमचा परत पुण्याला जायचा महिना ठरला होता. ती मोरितासानना आपल्याबरोबर न्यायला आली होती आणि स्टेशनजवळच्या एका हॉटेलात उतरली होती. तिने निरोप पाठवला, केतकीला घेऊन दुपारी चहाला ये. लॉबीत ती कोपऱ्यातल्या सोफ्यावर होती. फिकट निळा, कडक इस्त्रीचा पोशाख, केस नीट मागे बांधलेले. तिच्यामागे दोन तरुण उभे होते. ती दिसायला चांगली दिसत होती, हे मला कबूल केलं पाहिजे. पहिल्यांदाच ती मला थकलेली वाटली नाही.

आम्ही चहा प्यायलो. धक्क्यावर आता फाटक नाही, तिने सांगितलं. मासळी ज्याची त्याने विकायची. वाड्यांना नळ दिले. शाळेला छप्पर घातलं. मी वडिलांच्या नगरपालिकेबद्दल काही सांगितलं, ती हसली. माझ्या जिभेवर एकच प्रश्न होता. तिला तो दिसत होता. ती वाट बघत होती, मी विचारते का. मी साखर ढवळत राहिले.

निघताना ती उठली, गुडघ्यावर बसली आणि केतकीकडे हात पसरले. केतकी आता आठ वर्षांची होती. "ओबासान!" अशी जपानीत मावशीला मारतात ती हाक मारत ती धावली आणि दोन पावलांवरच अडखळली. मागे वळून तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्या मुठीत तिच्या फ्रॉकचा पट्टा होता. मी तो कधी धरला, मला कळलंच नव्हतं.

मी लगेच सोडला. पण आतेने ते पाहिलं होतं. तिची नजर माझ्या चेहऱ्याकडे गेली नाही, माझ्या हातावरच थांबली. मागचा एक तरुण पुढे सरकला, तिने मान न वळवता बोट वर केलं आणि तो जिथल्या तिथे थांबला. मग ती सावकाश उभी राहिली. केतकीच्या केसांवरून तिने हात फिरवला नाही. तिने केतकीचा हात धरला आणि आणून माझ्या हातात दिला.

"बरोबर केलंस," ती म्हणाली. "घट्ट धर."